गिरणी कुणाची? ब्राउझरच्या मक्तेदारीची तीस वर्षं



गटाच्या बैठकीत मोबाईलचा विषय निघाला की प्रश्न बहुतेक पैशांचे असतात. रिचार्ज केवढ्याचा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हप्ता जमा झाला की नाही ते कुठे बघायचं. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत, आणि त्यावर आपण या केंद्रावरून पुष्कळदा बोललो आहोत. आज विषय थोडा निराळा आहे. योजनेचा फॉर्म भरायला, सातबारा बघायला, मुलीचा निकाल शोधायला आपण फोनवरच्या एका गोल रंगीत चित्रावर बोट ठेवतो. त्याचं नाव क्रोम. ते आपण दुकानदाराकडे मागितलं नव्हतं. त्याचे पैसेही दिले नव्हते. फोन घरी आला तेव्हा ते आत बसलेलंच होतं. ते तिथे कसं येऊन बसलं, त्याच्या आधी त्या जागेवर कोण होतं आणि त्याला कुणी हटवलं, याचा इतिहास आज सांगायचा आहे. यात कोर्टकचेरी आहे, दमदाटी आहे, नोकरीवरून काढल्यावरही काम न सोडणारी एक बाई आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. वेबसाइट म्हणजे कुठल्यातरी दूरच्या संगणकात ठेवलेला मजकूर. तो आपल्या फोनवर येतो तेव्हा तयार चित्र म्हणून येत नाही. येतात त्या नुसत्या सूचना: इथे मथळा ठेवा, इथे फोटो, इथे रकाना, इथे बटण. समजा, धान्य येतं. त्याचं पीठ करून आपल्यासमोर मांडायचं काम ज्या यंत्राचं, त्याला ब्राउझरचं इंजिन म्हणतात. ब्राउझर हे दुकान. पाटी, काउंटर, पिशवी सगळं दुकानाचं. इंजिन ही मागची गिरणी. बाजारात दुकानं पुष्कळ दिसतात. क्रोम आहे, एज आहे, ऑपेरा आहे, सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर आहे. पाट्या चार असल्या तरी या चौघांचं दळण एकाच गिरणीतून येतं. त्या गिरणीचं नाव ब्लिंक, आणि तिच्यावर मोठा ताबा गूगल कंपनीचा.

असं पहिल्यापासून नव्हतं. वेब ही कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाची. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे काम करताना त्यांनी १९८९ मध्ये प्रस्ताव लिहिला आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझरही स्वतःच बनवला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं लेखी जाहीर केलं की हे तंत्र कुणीही वापरावं, आम्ही त्यावर हक्क सांगणार नाही. गावाची विहीर गावाला खुली केल्यासारखं झालं. पुढची सगळी भांडणं विहिरीवरून झाली नाहीत, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून झाली.

ती वाट सोपी केली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या पोरांनी. १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझेक नावाचा ब्राउझर काढला. अक्षर आणि चित्र एकाच पानावर दिसू लागलं आणि साध्या माणसांनाही वेबची गोडी लागली. पुढच्याच वर्षी अँड्रीसन यांनी जिम क्लार्क या उद्योजकाबरोबर नेटस्केप ही कंपनी काढली. तिचा ब्राउझर इतका चालला की ९ ऑगस्ट १९९५ रोजी कंपनीचा शेअर बाजारात आला तो २८ डॉलरला, आणि संध्याकाळी ५८ डॉलरच्या वर जाऊन थांबला. कंपनीला दीड वर्षही झालं नव्हतं.

हे सगळं मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स बघत होते. तेव्हा जगातल्या बहुतेक घरगुती आणि कार्यालयीन संगणकांवर मायक्रोसॉफ्टचं विंडोज चालायचं. मे १९९५ मध्ये गेट्स यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक लांबलचक टिपण पाठवलं. इंटरनेट ही मोठी लाट आहे आणि आपलं सगळं काम त्यानुसार वळवा, असा त्याचा आशय होता. भीती वेगळीच होती. लोक सगळं काम ब्राउझरमध्येच करू लागले, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याची फिकीर कोण करणार?

मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची गिरणी नव्हती. मोझेकचे हक्क असलेल्या स्पायग्लास नावाच्या छोट्या कंपनीकडून त्यांनी ती घेतली. करार असा की ठरावीक रक्कम मिळेल आणि शिवाय ब्राउझरच्या कमाईतला वाटा मिळेल. मग मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर फुकट वाटायला सुरुवात केली. कमाई शून्य, तर वाटाही शून्य. १९९७ मध्ये ८० लाख डॉलरवर हे प्रकरण मिटलं. वाट्यानं शेत करणाऱ्या बायकांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

फुकट वाटणं हा झाला एक भाग. दुसरा भाग कोर्टाच्या कागदपत्रांतून बाहेर आला. कॉम्पॅक ही तेव्हा संगणक बनवणारी मोठी कंपनी होती. १९९६ मध्ये तिनं आपल्या संगणकांवरून एक्सप्लोररचं चित्र काढलं आणि नेटस्केपला पुढे केलं. मायक्रोसॉफ्टनं तिला नोटीस दिली की आम्ही तुमचा विंडोजचा परवानाच रद्द करू. विंडोजशिवाय संगणक विकणार कुणाला? कॉम्पॅकनं ते चित्र पुन्हा जागेवर आणून ठेवलं. त्याच वर्षी अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट पुरवणाऱ्या बड्या कंपनीशी सौदा झाला: विंडोजच्या पहिल्या पानावर तुम्हाला जागा देतो, तुम्ही तुमच्या ग्राहकांना आमचाच ब्राउझर द्या. खत हवं असेल तर सोबत ही बाटलीही घ्यावी लागेल, असं म्हणणारा दुकानदार आपल्या ओळखीचा आहे. जगातली एक बडी कंपनी तेच करत होती.

आणि तरीसुद्धा, खरं बोलायचं तर, एक्सप्लोरर नुसत्या दमदाटीवर चालला नाही. मायक्रोसॉफ्टनं त्यावर वर्षाला सुमारे दहा कोटी डॉलर खर्च केले. १९९५ च्या सुरुवातीला त्यावर पाच-सहा माणसं होती, १९९९ पर्यंत हजाराच्या वर झाली. १९९७ च्या शरद ऋतूत चौथी आवृत्ती आली तेव्हा तो चांगलाच चालत होता. त्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी आपलं ‘ई’ हे भलंमोठं चिन्ह नेऊन नेटस्केपच्या अंगणात ठेवलं. नेटस्केपच्या पोरांनी ते आडवं पाडलं आणि त्यावर आपला डायनोसॉर उभा केला. डायनोसॉरच्या गळ्यात पाटी: नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. शंभरातले कुणाकडे किती, त्याचे हे आकडे. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते उलटेपालटे झाले.

१८ मे १९९८ रोजी अमेरिकेच्या सरकारनं आणि वीस राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचं म्हणणं असं की ब्राउझर हा विंडोजचाच अवयव आहे, तो वेगळा काढता येत नाही. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांना ते पटलं नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांनी नोंदवलं की मायक्रोसॉफ्टकडे मक्तेदारी आहे आणि तिचा तिनं गैरवापर केला आहे. ७ जून २००० रोजी त्यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. पण या साहेबांनी एक गोष्ट नको ती केली. खटला चालू असतानाच ते पत्रकारांशी बोलत राहिले. वरच्या कोर्टानं २८ जून २००१ ला तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला आणि जॅक्सन यांना या खटल्यातून बाजूलाही केलं. मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा ठपका मात्र कायम राहिला. पुढे सरकार बदललं, तडजोड झाली आणि काही बंधनं घालून प्रकरण मिटलं.

तोवर नेटस्केप उरली नव्हती. १९९८ च्या शेवटी अमेरिका ऑनलाइननंच तिला विकत घेण्याचं जाहीर केलं होतं. निकाल कागदावर आला तेव्हा ज्याच्यासाठी तो मागितला, तोच मैदानात नव्हता. कोर्टाची चाल आणि बाजाराची चाल यातला हा फरक आपण जमिनीच्या दाव्यांत बघतोच.

आता मक्तेदारी आल्यावर काय झालं ते ऐका, कारण ‘फुकट मिळतंय, मग तक्रार कशाची’ असं पुष्कळ जणी म्हणतात. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. सातवी आली ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षं! ज्या कंपनीनं हजार माणसं लावून वर्षावर्षाला नवी आवृत्ती काढली होती, तिनं शर्यत जिंकल्यावर गिरणीचे दगड टाकायचेही सोडून दिले. जगातले दहापैकी नऊ लोक तीच वापरत होते, जाणार कुठे? त्या काळात नको त्या जाहिराती फटाफट उघडायच्या, संगणकाला रोग लागायचे. शेवटी जून २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणेनंच लोकांना जे उपाय सुचवले, त्यात दुसरा ब्राउझर वापरा हाही एक होता.

दक्षिण कोरियाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी बँकेच्या व्यवहारांसाठी स्वतःची गुप्त लिपी तयार केली. ती चालवायला अ‍ॅक्टिव्हएक्स नावाचा जोडभाग घेतला, जो फक्त एक्सप्लोररमध्येच चालायचा. झालं. बँक, खरेदी, सरकारी दाखले, सगळं एका कंपनीच्या दारातून. जगात दुसरे चांगले ब्राउझर आले तरी कोरियातल्या माणसाला बँकेसाठी एक्सप्लोररच उघडावा लागे. ज्या प्रमाणपत्रांभोवती हे सगळं बांधलं होतं, त्यांचा खास दर्जा कायद्यानं जायला २०२० साल उजाडलं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोरर बंद केला तेव्हा तिथल्या एका अभियंत्यानं त्याच्या नावानं चक्क थडग्याचा दगड कोरून घेतला, आणि त्यावर लिहिलं की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा चांगला उपयोगी पडला.

आणि आपली मराठी? २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट आपापला वेगळा फाँट वापरायच्या. वाचणाऱ्याच्या संगणकात तो फाँट नसेल तर अक्षरांऐवजी चिन्हांचा काला दिसायचा. उपाय म्हणून पानाबरोबर फाँट पाठवायची सोय निघाली. पण नेटस्केपची सोय वेगळी, एक्सप्लोररची वेगळी, एकाची दुसऱ्यात चालत नाही. एक्सप्लोरर जिंकल्यावर पुष्कळांनी दुसऱ्यासाठी कष्ट घेणंच सोडलं. सरकारी वेबसाइटच्या तळाशीसुद्धा ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ वर्षानुवर्षं असायची. पुढे युनिकोड रुजलं. त्यात प्रत्येक अक्षराला सगळ्या जगात एकच क्रमांक असतो. आज आपण गटाच्या ग्रुपवर मराठीत लिहितो आणि ते सगळ्यांच्या फोनवर सारखं दिसतं. हे कुणा एका गिरणीवाल्याच्या मेहरबानीनं झालेलं नाही. सगळ्यांनी मिळून एक माप ठरवलं, म्हणून झालं.

आता त्या बाईची गोष्ट. मिचेल बेकर या नेटस्केपमध्ये वकील होत्या. १९९८ च्या सुरुवातीला हरत चाललेल्या नेटस्केपनं ठरवलं की आपल्या ब्राउझरची सगळी आतली कृती जगाला खुली करायची. कुणीही वाचावी, सुधारावी, वापरावी. मोझिला असं या कामाचं नाव. खुलं करायचं म्हटलं तरी कायद्याचा कागद लागतोच. कुणाचे हक्क काय, घेतलं तर परत काय द्यायचं, हा परवान्याचा मसुदा बेकरबाईंनी लिहिला आणि पुढे कामाची धुराही सांभाळली. २००१ मध्ये कंपनीनं कपात केली, त्यात त्यांची नोकरी गेली. त्यांनी मोझिलाचं काम मात्र बिनपगारी चालू ठेवलं. आपल्या गटांतही मानधन बंद झाल्यावर वह्या सांभाळणाऱ्या ताया आहेत, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

जुलै २००३ मध्ये अमेरिका ऑनलाइननं नेटस्केपचं उरलंसुरलं काम गुंडाळलं. जाताना मोझिलासाठी २० लाख डॉलर दिले आणि त्यातून मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. ९ नोव्हेंबर २००४ रोजी तिचा फायरफॉक्स हा ब्राउझर आला. जाहिरातीला पैसे नव्हते, तर वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढली. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या दोन पानांवर जाहिरात छापून आली, तिच्यात वर्गणी देणाऱ्या सुमारे दहा हजार लोकांची नावं होती. वर्षभरात फायरफॉक्स दहा कोटी वेळा उतरवला गेला. मायक्रोसॉफ्टला सातवी आवृत्ती काढावी लागली ती याच्यानंतर. आमचं मत विचाराल तर मक्तेदारीला पहिला खरा तडा कोर्टानं पाडला नाही. दुसरी गिरणी कुणीतरी चालू ठेवली होती म्हणून तो गेला. अर्थात कोर्टाचा धाक नसता तर मायक्रोसॉफ्टनं या नव्या गिरणीलाही सुखानं चालू दिलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

मग गूगल आलं. २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम बाहेर पडला. त्या कामाची धुरा सुंदर पिचाई यांच्याकडे होती, आपल्या तमिळनाडूतले. क्रोम चपळ होता, आटोपशीर होता, एक पान अडकलं तरी बाकीची चालू राहायची. लोकांना तो आवडला आणि आवडण्यासारखा होताच. पण त्याच्या पाठीशी आणखी काही होतं. जगातलं सर्वांत गजबजलेलं पान, म्हणजे गूगलचं स्वतःचं, त्यावरून क्रोमची जाहिरात करता येत होती. आणि पुढे अँड्रॉइड फोन आले, त्यांत क्रोम आधीच बसवलेला. विंडोजबरोबर एक्सप्लोरर आला होता, तसा अँड्रॉइडबरोबर क्रोम आला.

क्रोमची गिरणी मुळात गूगलची नव्हे. १९९८ च्या सुमाराला केडीई नावाच्या स्वयंसेवकांच्या गटानं केएचटीएमएल हे छोटंसं इंजिन लिहायला घेतलं, सगळ्यांना खुलं. ते घेऊन अ‍ॅपलनं वेबकिट बनवलं आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी ब्राउझर काढला. वेबकिट घेऊन गूगलनं क्रोम काढला. एप्रिल २०१३ मध्ये गूगल अ‍ॅपलपासून वेगळं झालं आणि आपल्या फांदीला ब्लिंक नाव दिलं. म्हणजे जगातल्या दोन अतिश्रीमंत कंपन्यांच्या गिरण्यांचं मूळ एकच, ते म्हणजे स्वयंसेवकांनी घडवलेलं जातं. कृती आजही खुली आहे, कुणीही वाचू शकतं. पण कुठला पाटा बदलायचा, कुठलं धान्य घ्यायचं, हे ज्यांच्याकडे सर्वांत जास्त पगारी माणसं आहेत तेच बहुतेक ठरवतात.

एकेक गिरणी बंद होत गेली. नॉर्वेचा ऑपेरा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. साध्या बटणांच्या फोनवर, थोड्या पैशात, ऑपेरा मिनी पानं दाबून लहान करून आणायचा. ऑपेराची स्वतःची प्रेस्टो नावाची गिरणी होती. महिन्याला तीस कोटी लोक वापरत असतानाही २०१३ मध्ये त्यांनी ती थांबवायचं ठरवलं. डिसेंबर २०१८ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलं की आम्हीही आमचं इंजिन सोडून गूगलचं घेतो. एकेकाळी जिनं सगळ्यांना बाजारातून उठवलं, ती कंपनी आता दुसऱ्याच्या गिरणीवर दळण घेऊन रांगेत उभी. ऐकायला गंमत वाटते, पण आम्हाला ही बातमी गंमतीची वाटत नाही.

आज ब्लिंक, अ‍ॅपलची वेबकिट आणि फायरफॉक्सची गेको अशा तीनच मोठ्या गिरण्या आहेत. जगातले तीनपैकी दोन लोक एकटा क्रोम वापरतात. आयफोनवर तर अ‍ॅपलचा नियमच होता की पाटी कुणाचीही लावा, गिरणी आमचीच. क्रोमलाही तिथे तेच करावं लागे. युरोपनं कायदा करून २०२४ मध्ये त्यांच्यापुरता हा नियम सैल करायला लावला.

गेको तुमच्या घरातही येऊन गेलेली असू शकते. मोझिलानं फोनसाठी फायरफॉक्स ओएस काढली होती. २०१४ मध्ये भारतात तिचा फोन दोन हजारांच्या आत मिळत होता, पण तो चालला नाही. तिच्याच सामानातून पुढे कायओएस झाली आणि ती बसली २०१७ च्या जिओफोनमध्ये, ज्याची १५०० रुपये परत मिळणारी अनामत होती. आपल्या भागातल्या कितीतरी बायांनी पहिल्यांदा इंटरनेट हातात घेतलं ते त्या बटणांच्या फोनवर. त्याच्या आत गेकोच दळत होती, हे वर कुठे लिहिलेलं नव्हतं.

एकच गिरणी राहिली तर बिघडलं काय? पीठ तर मिळतंय. गावात एकच गिरणी आहे आणि गिरणीवाला म्हणाला की बाजरी दळणार नाही, तर पहिल्या वर्षी बाया कुरकुरतात, दुसऱ्या वर्षी बाजरी दुसऱ्या गावी नेतात आणि चार वर्षांनी गावात बाजरी पेरणंच बंद होतं. वेबसाइट बनवणारे तेच करतात. क्रोममध्ये चाललं की त्यांचं काम झालं. एका वेबसाइटवर आमचा फॉर्म फायरफॉक्समध्ये पुढेच सरकेना, क्रोममध्ये लगेच भरला गेला. अशा वेळी माणूस फायरफॉक्सला नाव ठेवतो आणि काढून टाकतो. मग तो वापरणारे आणखी कमी, मग वेबसाइटवाल्यांना त्याची पर्वा आणखी कमी.

शिवाय गिरणीवाल्याचा मुख्य धंदा कोणता, तेही बघावं लागतं. गूगलची बहुतेक कमाई जाहिरातींची. जाहिराती अडवणारे छोटे जोडप्रोग्राम लोक ब्राउझरला लावायचे. गूगलनं जोडप्रोग्रामचे नियम बदलले आणि २०२४ पासून त्यातले काही प्रसिद्ध प्रोग्राम क्रोममधून बंद पडत गेले. सुरक्षेसाठी केलं, असं गूगल म्हणतं. फायरफॉक्समध्ये ते अजून चालतात. दोन गिरण्या असल्यामुळेच हा फरक आपल्याला दिसतो.

आपल्या देशातही याची दखल घेतली गेली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना गूगलचं दुकान हवं तर क्रोम आणि बाकीचे अ‍ॅपही सोबत बसवावे लागत, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. कॉम्पॅकची गोष्ट आठवते ना? मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, आयोगाच्या दहापैकी चार सूचना मात्र रद्द केल्या.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं गूगलवर खटला भरला, तो मुख्यतः शोधाच्या मक्तेदारीचा. ब्राउझर उघडल्यावर आपोआप गूगलचा शोध यावा म्हणून कंपनीनं २०२१ या एका वर्षात इतरांना २६ अब्ज डॉलरहून जास्त दिले होते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगल मक्तेदार आहे आणि ती टिकवायला तिनं कायदा मोडला. हे मेहता जन्मानं गुजरातचे, लहानपणीच अमेरिकेत गेलेले. मग उपाय काय, यावर वाद चालला. सरकार म्हणालं, क्रोम विकायला लावा.

इथे एक विचित्र पेच पुढे आला. गूगल ज्यांना पैसे देत होतं, त्यात मोझिलाही होती. फायरफॉक्समध्ये शोध गूगलचा यावा म्हणून मिळणारे पैसे हाच तिचा मुख्य आधार. मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्त अधिकाऱ्यांनी कोर्टात सांगितलं की आमचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं सुमारे ८५ टक्के एकट्या गूगलकडून. हे पैसे थांबले तर फायरफॉक्सच बंद पडू शकतो. मक्तेदाराला आवरायचं तर त्याचं वाटप थांबवा, आणि वाटप थांबवलं तर मोठ्या कंपन्यांच्या बाहेर उरलेली एकमेव गिरणी बसते. २ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीशांनी क्रोम विकायला लावलं नाही. ‘फक्त आमचंच ठेवा’ अशा करारांना बंदी घातली, शोधाची काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितलं, पण पैसे देणं चालू राहू दिलं. ते थांबवल्यानं मोझिलासारख्यांचं नुकसान होईल, हेही त्यांनी विचारात घेतलं होतं.

आमच्या बैठकीत यावर दोन मतं पडली. एक ताई म्हणाल्या, सावकाराच्या पैशावर चाललेली गिरणी वेगळी म्हणायची कशी? दुसऱ्या म्हणाल्या, पैसे कुणाचेही असोत, दगड आणि पट्टा आपल्या ताब्यात आहे ना, मग ती चालू राहू द्या. आम्हाला दुसऱ्या ताईंचं पटतं, पण पहिलीचा प्रश्न मनातून जात नाही. २०२० मध्ये मोझिलानं अडीचशे माणसं कमी केली, तेव्हा सर्वो नावाच्या नव्या इंजिनवर काम करणारी मंडळीही गेली.

ते सर्वो मात्र मेलं नाही. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात अ कोरुन्या हे शहर आहे. तिथे २००१ मध्ये इगालिया ही संस्था सुरू झाली. काम करणारेच तिचे मालक. निर्णय सभेत घेतात, साहेब नाही. ब्लिंक आणि वेबकिट या दोन्ही गिरण्यांची दुरुस्तीची कामं ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०२३ मध्ये त्यांनी सर्वोचं काम हाती घेतलं. रोजच्या वापराला ते अजून कच्चं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिचा क्रमांक त्यांनी ठेवला ०.०.१.